सुलोचना चव्हाण : डोक्यावरचा पदर आणि एक राहिलेलं उत्तर

मंडळी, विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोन फोन आले. एकाने विचारलं, तत्त्वज्ञानाच्या मास्तराने लावणीवर काय बोलायचं? दुसऱ्याने विचारलं, बोलायचंच आहे तर सणसवाडीत कशाला, पुण्यात बोला की! पहिल्याचं उत्तर तासाभरात जमलं तर देऊ. दुसऱ्याचं आत्ताच देतो. इथून शिरूरला जा, न्हावऱ्यावरून खाली उतरा, की चौफुला. उलट्या अंगाला शिक्रापूरवरून चाकणला जा, नाशिक रस्ता धरा, की नारायणगाव. चौफुल्याला संगीत बारीची कलाकेंद्रं, आणि नारायणगावला तर लोक तमाशाची पंढरीच म्हणतात. पाडव्याच्या सुमारास गावोगावचे पंच तिथल्या राहुट्यांत जाऊन जत्रेची सुपारी देतात, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. म्हणजे आपण लावणीच्या दोन घरांच्या मधल्या अंगणात बसलो आहोत. आणि आज जिच्याबद्दल बोलायचं ती बाई या दोन्ही घरांतली नव्हे.

आमची तिची ओळख लग्नाच्या मांडवातली. पूर्वी लग्न ठरलं की वाजंत्र्याच्या आधी रेकॉर्डवाला ठरायचा. लिंबाच्या झाडाला कर्णा बांधायचा, बॅटरी लावायची, आणि पहाटे भूपाळी, सकाळी अभंग, हळदीला सुरुवात झाली की लावणी. आमचे वडील माळकरी. लावणी लागली की ते बैलांना पाणी दाखवायला निघून जायचे. आम्ही मात्र बघायचो, की स्वयंपाकाच्या चुलवणापाशी बसलेल्या बायका, ज्यांना आयुष्यात कधी तमाशाच्या कनातीच्या आत पाय ठेवता आला नव्हता, त्या पोळ्या लाटता लाटता ते गाणं तोंडातल्या तोंडात म्हणतायत. त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही. आता वाटतं. कारण लावणी बाईच्या तोंडची, पण ऐकणारा फडावर पुरुषच. कर्ण्याने ती पहिल्यांदा चुलीपाशी नेली. आणि कर्ण्यातला आवाज बहुतेक वेळा सुलोचनाबाईंचा असायचा.

हे झालं गोड. आता कडू सांगतो. आम्ही कॉलेजात सौंदर्यशास्त्र शिकवायचो. रस, साधारणीकरण, कांटची निरपेक्ष आवड, मर्ढेकरांची लय, सगळं क्रमाने. एका वर्षी साधारणीकरणाचं उदाहरण म्हणून आम्ही सुलोचनाबाई घेतल्या. बाई नऊवारीत, डोक्यावर पदर, हात स्थिर, आणि गाते आहे अगदी चावट लावणी. श्रोत्याला गाणारी बाई दिसत नाही, शृंगार दिसतो, तो कुणा एकीचा राहत नाही, सगळ्यांचा होतो, वगैरे वगैरे. उदाहरण आमच्या मते झकास जमलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. कोल्हाटी समाजातली होती, आई बारीत नाचायची. ती म्हणाली, "सर, त्या पदर घेऊन गातात म्हणून त्यांना सम्राज्ञी म्हणतात. माझ्या आईने तीच लावणी म्हटली तर तिला काय म्हणतात, ते वर्गात सांगू का?"

आम्ही घड्याळाकडे बघितलं आणि पुढचा मुद्दा घेतला. चाळीस वर्षं होत आली. त्या दिवशी न दिलेल्या उत्तरापायी आज इथे आलो आहोत, असंच म्हणा.

बाईंची हकीकत थोडक्यात सांगू, कारण ती बऱ्याच जणांना माहीत आहे. जन्म १९३३ चा, मुंबईत, गिरगावात. माहेरचं आडनाव कदम. चाळीतलं वातावरण, घरचा बालमेळा, त्यात लहानपणापासून काम. शास्त्रीय गाण्याची रीतसर तालीम नाही. तबकड्या ऐकायच्या आणि म्हणायच्या. वत्सलाबाई कुमठेकरांची लावणी ऐकून ऐकून पोर ती म्हणायला लागली आणि आई रागावली, ही गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. मग हिंदी सिनेमात पार्श्वगायन. सुलोचना कदम म्हणून त्यांची गाणी आजही शोधून ऐकण्यासारखी आहेत. श्यामसुंदर यांच्या संगीतातला १९५१ चा 'ढोलक' ऐका. तिथला आवाज पातळ, गोड, किंचित लाजरा. तो ऐकून पुढची लावणी यातूनच निघाली असं कुणी सांगितलं तर पटणार नाही. आचार्य अत्र्यांच्या 'हीच माझी लक्ष्मी'मध्ये वसंत देसायांनी त्यांच्याकडून लावणी गाऊन घेतली, पडद्यावर हंसा वाडकर होत्या. लावणीसम्राज्ञी हे नावही अत्र्यांनीच दिलं. पुढे दिग्दर्शक श्यामराव चव्हाणांशी लग्न झालं, आणि लावणीचे धडे खऱ्या अर्थाने दिले ते नवऱ्याने. शब्द कसा फेकायचा, कुठे थांबायचं, कुठे नुसतं सूचित करायचं. हे सगळं बाई स्वतः मोकळेपणाने सांगत. मग १९६२ चा 'रंगल्या रात्री अशा', त्यातली कोल्हापूरच्या लवंगी मिरचीची लावणी, तिथे जगदीश खेबुडकर नावाचा नवा कवी. मग 'सवाल माझा ऐका', मग १९६५ चा 'मल्हारी मार्तंड'. संगीत वसंत पवारांचं. शेवटी २०२२ साली पद्मश्री, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबईत निधन.

म्हणजे बघा, लावणी शिकली कुठे? तबकडीवर, घरी नवऱ्याकडे, आणि रेकॉर्डिंग स्टुडिओत. फडावर नाही, बारीत नाही, आजीकडून आईला आणि आईकडून लेकीला अशी नाही.

आता थोडं लांब जाऊ. त्याच १९३३ साली इंग्लंडमध्ये मॅक्लसफील्ड गावात जॉन मेयॉल नावाचा मुलगा जन्मला. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. कापसाच्या शेतातलं, गुलामीच्या मागोमाग आलेल्या हलाखीतलं. या इंग्लिश पोराने ते वडिलांच्या तबकड्यांवर ऐकलं आणि आयुष्यभर तेच गायलं. त्याच्या ब्लूजब्रेकर्स या वाद्यवृंदातून एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, मिक टेलर असे वादक पुढे आले. २०२४ साली तो वारला तेव्हा सगळ्यांनी त्याला ब्रिटिश ब्लूजचा बाप म्हटलं. आणि त्याच्याबाबतही लोकांनी तोच प्रश्न विचारला: जे दुःख तुझं नाही ते गाणं तुझं कसं?

हा प्रश्न दोन तऱ्हेने टाळता येतो. एक म्हणजे, कला सगळ्यांची असते, जात बघू नका. आम्ही वर्गात हेच केलं, फक्त संस्कृत शब्द वापरून. दुसरी तऱ्हा उलटी: जो भोगतो त्यानेच गावं, बाकीच्यांनी हात लावू नये. पण मग रामजोशी कीर्तनकार-पुराणिकांच्या घरातला ब्राह्मण, होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान. आणि लिहिणारे सगळे पुरुष, बोलणारी मात्र लावणीतली बाई. लावणीतला 'मी' पहिल्यापासून उसना आहे. रेठऱ्याचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाला आणि पवळाबाईबरोबर फडावर उभा राहिला, तोही बाहेरचाच. तेव्हा बाहेरून येणं हा लावणीला नवा प्रकार नाही.

नवं आहे ते वेगळंच. बापूराव आले ते दार मागे लावून आले. जात गेली, घर गेलं, नाव गेलं, आणि १९४५ साली गेले ते हलाखीत. सुलोचनाबाईंना यातलं काही द्यावं लागलं नाही. स्टुडिओत जायचं, गायचं, घरी यायचं. याचा दोष त्यांना देता येत नाही. गिरगावातल्या मुलीने संसार मोडून फडावर जावं अशी अपेक्षा आपण कोण करणार? पण तबकडी नावाच्या यंत्राने काय केलं ते नीट बघायला हवं. तिने लावणीचा आवाज लावणीच्या शरीरापासून सोडवला. आवाज गिरगावातला, शरीर जयश्री गडकरांचं किंवा हंसाबाईंचं, शब्द माडगूळकरांचे. आणि मूळची बाई, जिच्यात हे तिन्ही एका जागी होतं, ती तिथेच राहिली, चौफुल्याला.

काळही लक्षात घ्या. स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर, १९४८ च्या सुमारास, मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. अश्लील म्हणून. मग सुधारणा समिती, मग अटी, मग परवानगी. आणि दहा-बारा वर्षांत काय झालं? 'सांगत्ये ऐका' १९५९ ला आला आणि पुण्यात अडीच वर्षं चालला. जे कनातीत नको होतं ते पांढऱ्या पडद्यावर चाललं, कुटुंबासकट चाललं. आम्ही असं म्हणतो की लावणीची शुद्धी झाली नाही, लावणीची वाटणी झाली. चव एकाच्या वाट्याला आणि बदनामी दुसऱ्याच्या.

असं असूनही सुलोचनाबाई मोठ्या गायिका आहेत. हे 'असूनही' आम्हाला महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे आता गाण्याबद्दल बोलू. नाहीतर समाजशास्त्र बोलून आम्ही मोकळे व्हायचो आणि बाईंच्या गळ्याबद्दल एक अक्षर नाही, असा प्रकार हल्ली फार होतो.

बैठकीच्या लावणीत एक ओळ किती वेळ चालते? वाईच्या यमुनाबाई वाईकरांना ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा. त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा येणं. एकदा भुवईने, एकदा नुसत्या बोटाने, एकदा मान वळवून. ओळ तीच, दरवेळी अर्थ निराळा. याला अदा म्हणतात. अर्धा तास सहज जातो. तबकडीवर जागा किती? तीन-साडेतीन मिनिटं. आणि भुवई तर दिसतच नाही. सुलोचनाबाईंनी काय केलं, तर भुवई, बोट आणि मान ही तिन्ही कामं उच्चाराला दिली. त्यांच्या लावणीत एखादा शब्द दोनदा येतो तेव्हा दोन्ही वेळा ऐका. पहिल्यांदा सरळ म्हटलेला असतो. दुसऱ्यांदा त्यातलं एक व्यंजन, बहुतेक 'ठ', 'ड' किंवा 'ळ', किंचित जास्त दाबलेलं असतं, आणि तेवढ्यावर अर्थ कूस बदलतो. ओळीच्या शेवटचा 'गं' कधी पूर्ण सोडलेला, कधी अर्ध्यात गिळलेला. ढोलकीचा तोडा संपून सम यायच्या आधी एक क्षण असतो, त्यात त्या काहीच करत नाहीत. शांत. आणि मग शब्द असा पडतो की ऐकणारा आपोआप मान हलवतो. हे कुणी शिकवून येत नाही. नवऱ्याने दिशा दाखवली असेल, चालणं त्यांचं.

पदर हा याच कलेचा भाग होता, असं आमचं मत आहे. लोक म्हणतात, घरंदाजपणा. असेल. पण व्यासपीठावर तो पदर बघताना वेगळंच घडायचं. डोळ्याला काही मिळत नाही म्हटल्यावर कानाला दुप्पट काम पडायचं. चावट ओळ आली की समोरचा माणूस बाईच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि तिथे काहीच नसायचं. म्हणजे जे काही सुचलं ते त्याच्या स्वतःच्या डोक्यातलं, हे त्याला कळून चुकायचं आणि तो हसायचा. लावणीचा सगळा खोडकरपणा त्यांनी श्रोत्यावर ढकलला. आशाताईंची 'सांगत्ये ऐका'मधली बुगडीची लावणी ऐका. तिथे गाणारी लाजते, मुरकते, आपण तिला बघतो. सुलोचनाबाई लाजत नाहीत. आपण लाजतो. दोन्ही थोर, पण दुसरा प्रकार मराठी गाण्यात फार थोड्यांना साधला.

मर्यादाही सांगायला हव्यात. ठसका हे त्यांचं बळ, आणि पुढे तोच साचा झाला. सत्तरनंतर त्यांच्यासाठी लिहिलेल्या कित्येक लावण्या अशा आहेत की कवीने फक्त दुहेरी अर्थाची खुंटी ठोकलीय आणि बाईंनी येऊन तिच्यावर आवाज टांगायचा. माडगूळकरांनी जरतारीचा मोर दिला तेव्हा त्या शब्दात कापड होतं, रंग होता, नाचरी चाल होती. बाईंना धरायला काहीतरी होतं. खेबुडकरांच्या सुरुवातीच्या लावण्यांतही होतं. मागाहून आलेल्या बऱ्याच शब्दांत नुसतं डोळे मिचकावणं. त्या तेही चोख गायल्या, आणि चोख गायल्यामुळेच तो माल खपला. विरहाची लावणी, आळवणीची लावणी, भेदिक, आध्यात्मिक, हा सगळा प्रांत त्यांच्याकडून फारसा गाऊन घेतला गेला नाही. बाजाराला मिरची हवी होती. एवढ्या ताकदीच्या गळ्याकडून मराठीने फार थोडं मागितलं असं आम्हाला वाटतं, आणि ही खंत बाईंपेक्षा संगीतकारांच्या आणि निर्मात्यांच्या खाती जाते.

परत मेयॉलकडे येतो. त्या इंग्लिश पोरांवर चोरीचा आरोप झाला आणि काही ठिकाणी खराही होता. विली डिक्सन या काळ्या गीतकाराने १९८५ साली लेड झेपेलिनवर दावा लावला आणि १९८७ ला तडजोड झाली. पण त्यांच्यातल्या प्रामाणिक मंडळींनी एक गोष्ट केली. हे गाणं कुणाचं, ते नाव घेऊन सांगितलं. त्यामुळे गोरा श्रोता मडी वॉटर्सपर्यंत पोचला, म्हाताऱ्या काळ्या गायकांना युरोपात कार्यक्रम मिळाले. ओढा उलटा फिरला. आपल्याकडे तसं झालं का? तबकडीवर फार तर 'पारंपरिक' एवढा शब्द. पारंपरिक म्हणजे कुणाची चाल? कुठल्या बाईने, कुठल्या बारीत बसवलेली? तो शब्द म्हणजे नाव न लिहिण्याची सोय आहे.

विठाबाई नारायणगावकर याच काळातल्या, सुलोचनाबाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान. भाऊ-बापूंच्या घरातली लेक, मांग समाजातली, तिसऱ्या पिढीची कलावंत. १९५७ आणि १९९०, दोनदा राष्ट्रपतिपदक. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर जायला निघाल्या, ही कथा या पट्ट्यात ऐकली नाही असा माणूस नाही. आम्हाला ती शौर्यकथा म्हणून सांगायला आवडत नाही. ती कामाच्या अटींची हकीकत आहे. इथे कंपन्यांत काम करणाऱ्या बायका बसल्यात, बाळंतपणाची रजा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे. २००२ साली विठाबाई गेल्या तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना पैसे गोळा करावे लागले. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

दोघींना समोरासमोर उभं करून एकीला खोटी आणि एकीला खरी ठरवायचा आमचा विचार नाही. पण सुलोचनाबाईंचा वारसा म्हणून आपण काय सांगतो? बहुतेक जण सांगतात, त्यांनी लावणीला प्रतिष्ठा मिळवून दिली. आम्हीही हे वाक्य अनेकदा बोललो आहोत. ते अर्धवट आहे. प्रतिष्ठा मिळाली ती लावणी गाण्याला, लावणी करणारीला नाही. पुढे बघा. 'नटरंग' २०१० ला आला, लावण्या गाजल्या, गायल्या बेला शेंडे. २०२२ ला 'चंद्रमुखी', आवाज श्रेया घोषाल यांचा. उत्तम गायल्या दोघी. पण वाट तीच, सुलोचनाबाईंनी पाडलेली: माइकपुढे उभं राहून, बाहेरून येऊन. आणि चौफुल्यात आज फर्माईश येते ती सिनेमातल्या लावणीची. म्हणजे ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच आता नक्कल करायला लावायचं. बारीतल्या जुन्या चाली जाणणाऱ्या बायका म्हाताऱ्या होतायत, ऐकणारा गिऱ्हाईक नाही म्हणून त्या चाली कुणी मागत नाही.

मग त्या मुलीला काय उत्तर द्यायचं? चाळीस वर्षांनी आम्ही एवढंच म्हणू शकतो: बाई, तुझा प्रश्न बरोबर होता आणि आमचं उदाहरण चुकीचं. साधारणीकरणात व्यक्ती गळून पडते असं शास्त्र सांगतं. इथे व्यक्ती गळून पडली नव्हती. ती आधीच बाजूला काढून ठेवली होती, आणि मग आम्ही सभ्यपणे रस घेत होतो. त्याने सुलोचनाबाईंचं गाणं खोटं होत नाही. आमचा रस घेण्याचा तोरा खोटा होतो.

ती मुलगी पुढे शिक्षिका झाली. डिसेंबर २०२२ मध्ये बाई गेल्याची बातमी आली त्या रात्री तिचा फोन आला. आम्हाला वाटलं, आता जुना हिशेब निघणार. ती म्हणाली, आई सकाळपासून सुलोचनाबाईंच्याच लावण्या लावून बसलीये. आई आता थकलेली, गुडघे गेलेले. आम्ही म्हटलं, फोन द्या त्यांना. त्यांना विचारलं, तुम्हाला राग नाही येत? म्हातारी म्हणाली, "राग कशाचा, सर? गळा चांगलाच हाय. पण ऐकताना एक कळतं. ही बाई दर ओळीच्या आधी भरून श्वास घेती. आम्हाला तो कधी मिळाला नाय. आम्ही नाचून दमलेलो असायचो, उरलेल्या दमावर गायचो."

एवढी पुस्तकं वाचून आम्हाला हे ऐकू आलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही दोन्ही प्रकारच्या लावण्या श्वासाकडे कान ठेवून ऐकतो. फडावरच्या जुन्या ध्वनिमुद्रणात ओळ मध्येच तुटते, पुढचा शब्द घाईने येतो, झीलकरी पुढे होऊन ती उचलतो आणि बाईला दोन मात्रांची उसंत देतो. आम्ही याला इतकी वर्षं बेशिस्त समजत होतो.

आता बोलणं पुरे. दुसरी पाळी सुटायची वेळ झाली, कंपनीच्या बसवाल्यांची चुळबूळ दिसतेय. दोन ध्वनिफिती आणल्यात. आधी 'मल्हारी मार्तंड'मधली जरतारीच्या मोराची लावणी लावतो. तिच्यापाठोपाठ एका जत्रेत फडावर साध्या टेपरेकॉर्डरने घेतलेली, खरखर खूप आहे, गाणारीचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. दिवे थोडे कमी करा.